जावईबापूंचं दार

माझ्या सासरी माझी जी काही प्रतिष्ठा आहे, ती आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराच्या बिघाडावर उभी आहे. हे दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. त्यामुळे सासूबाई मागे बसलेल्या असल्या की गाडी थांबवून मी लगबगीनं उतरायचो, वळसा घालून जायचो आणि दार उघडून अदबीनं उभा राहायचो. लग्नकार्यात हा सोहळा कार्यालयाच्या दारातच, भरपूर पाहुण्यांदेखत व्हायचा. "जावई असावा तर असा," असं एक मावशी माझ्या साडूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, आणि मी दुरुस्तीचा विचार पुढे ढकलला. साडूच्या गाडीची चारही दारं ठणठणीत. बिचारा करणार काय?

गॅरेजवाल्यानं निदान कधीच करून ठेवलं होतं. आतली कडी ओढली की एक केबल ताणली जाते, ती दाराच्या पोटातल्या लॅचवरची छोटी तरफ ओढते आणि दार सुटतं. बाहेरच्या हँडलची सळई वेगळी, तिची तरफ वेगळी. आमची आतली तरफ तुटली होती. प्लॅस्टिकची, नखाएवढी.

"मग तेवढीच बदला की."

"साहेब, सुटी येत नाही. पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल."

असेंब्ली म्हणजे लॅच, त्याला जोडलेली सेंट्रल लॉकची मोटर, तिची दातेरी चाकं, सगळा संसार. अडीच हजार, मजुरी वेगळी. इथे माझं डोकं फिरतं. अर्देशीर गोदरेजांनी १८९७ साली लालबागला कुलपं करायला घेतली. त्यांच्या कारखान्याचं एक जुनं कुलूप आमच्या आजोळच्या कोठीला अजून आहे. त्याची किल्ली हरवली तेव्हा चौकातल्या चावीवाल्यानं कानस घेऊन नवी घासून दिली, कोठी बदला म्हणाला नाही. आणि इथे नखाएवढ्या तुकड्यापायी धडधाकट मोटर भंगारात! केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारगाड्याही होत्या. हक्क मिळेल तेव्हा मिळेल, मला तरफ हवी होती.

ती तुटली कशानं? यंत्रशास्त्रात बसो वा न बसो, माझा संशय दार आपटणाऱ्यांवर आहे. दार लावण्यावरून माणसाचं वय आणि गाव दोन्ही ओळखता येतं. प्रीमियर पद्मिनीत वाढलेली पिढी दार लावत नाही, हाणते. त्या गाडीचं दार जाड पत्र्याचं, खांद्यातून जोर काढल्याशिवाय लागायचं नाही. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, पण या मंडळींचा खांदा काही निवृत्त होत नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हलक्या दारांचे धास्तावलेले मालक जन्माला आले. पाहुणा उतरायला लागला की यांचं सुरू, "हळू, हळू, फियाट नाही ही!" वडापच्या जीपमधून हिंडलेल्या माणसाचा दाराशी संबंधच नसतो. मागच्या पायरीवर लटकणारा इसम हेच तिथलं दार. असा माणूस आपल्या गाडीतून उतरला की दार सताड उघडं टाकून चालू लागतो, वर "चला, येतो" म्हणतो. आणि सगळ्यांत घातक जात सौम्य लोकांची. लॅच दोन टप्प्यांत बसतं, पहिल्या खट्‌ला दार नुसतं अडकतं, दुसऱ्याला पक्कं होतं. हे लोक एका बोटानं दार लोटतात आणि पहिल्याच खट्‌वर समाधान मानतात. मग कात्रजच्या बोगद्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि आतले सगळे "माझं लागलंय" असं बजावत आपापलं दार उघडून पुन्हा आपटतात. चालत्या गाडीत!

सासूबाई खांद्यातून जोर काढणाऱ्यांतल्या. सासऱ्यांची मोतिया रंगाची फियाट होती, तिच्यावर त्यांचा हात बसला.

ऐन एप्रिलमध्ये एका दुपारी औषधांच्या दुकानासमोर गाडी लावून मी आत गेलो. दुकानात गर्दी, त्यात ऑफिसचा फोन. परत आलो तर सासूबाई बंद काचांमागे पदरानं वारा घेत बसलेल्या. गाडी बंद, त्यामुळे काचा खाली होईनात. सीटवरून पलीकडच्या दाराशी सरकायचं तर गुडघा वाकत नाही. चेहरा लालबुंद झालेला.

"आई, अहो काचेवर तरी वाजवायचं!"

"वाजवायचं कशाला? तुम्ही येऊन उघडता ना नेहमी. मीच उतरून उभी राहिले असते तर तुमचा हिरमोड झाला असता, जावईबापू."

त्यांनी कडीला हातसुद्धा लावून पाहिला नव्हता. दार बिघडलेलं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या घाम पुसत माझी ऐट सांभाळत बसल्या होत्या. तापलेल्या बंद गाडीत म्हाताऱ्या माणसाचं काय होऊ शकतं, ते मी घरी कुणाजवळ बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आधी नाना पेठेत हजर होतो. सुटी तरफ तिथेही नव्हती. निमूट असेंब्ली घेतली, वर कागदाच्या पुडीत मूठभर क्लिपा.

मजुरी मात्र द्यायची नाही असं ठरवलं, कारण व्हिडिओ पाहिला होता. काच पूर्ण वर घ्यायची, कडीमागचं झाकण उचकटून आतला स्क्रू काढायचा आणि पॅनेल कडेनं खेचायचं. क्लिपा फटाफट सुटतात, काही तुटतातच, पुडी त्यासाठीच. पॅनेलखाली काळ्या चिकट डिंकानं लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी तो दाराच्या आतच ठेवतो, म्हणून फाडायचा नाही. डिंक मात्र बोटांवरून कपाळावर, कपाळावरून चष्म्यावर येतोच. पुढचं सगळं काम पत्र्याच्या भोकातून हात घालून, न बघता. सळईची इवलीशी प्लॅस्टिकची पकड बोटाच्या टोकानं फिरवायची म्हणजे अंधारात दुसऱ्याच्या सदऱ्याचं बटण काढण्यासारखं आहे. पत्र्याच्या कडांनी कोपरापर्यंत ओरखडे काढले. दाराच्या कडेचे तीन स्टारचे स्क्रू कारखान्यात बहुधा पैलवानानं बसवले असावेत. आमच्या सोसायटीत निवृत्त इंजिनिअर मुबलक. त्यांतल्या एकानं खुर्ची मागवली. दुसऱ्यानं काळजीनं विचारलं, "वॉरंटी जाईल ना हो?" गाडी अकरा वर्षांची.

नवं लॅच बसलं तरी दार लगेच लावायचं नसतं. आधी स्क्रू ड्रायव्हरनं त्याचा आकडा खट्‌खट् मिटवायचा, मग आतली कडी ओढून सुटतो का पाहायचं. नाही सुटला आणि तोवर दार लावून बसलात, तर पुढचं सगळं त्या बंद दाराशी झटत. मी कडी ओढली. सुटला! पुन्हा मिटवला, पुन्हा ओढला. बराच वेळ गरज नसताना ओढत राहिलो. खुर्चीतले काका म्हणाले, "झालं? एवढंच होतं?"

त्यांचंही बरोबरच. उघडणाऱ्या दाराचं कौतुक कोण करणार? हिनं कडी एकदा ओढून पाहिली आणि विचारलं, "आईला सांगणार आहेस?"

नाही सांगितलं. सासूबाई अजून बसून राहतात, मी अजून वळसा घालून जातो. काचा मात्र आता उतरण्याआधी खाली करतो. उतरल्यावर त्या दार असं हाणतात की त्या अडीच हजारांचा हिशेब माझ्या छातीत होतो.

गेल्या आठवड्यात साडूचा फोन आला. वैतागला होता. "तू काय शिकवून ठेवलंयस आईंना? परवा माझ्या गाडीत पोचल्यावरही बसूनच राहिल्या. मी पुढे निघून गेलो, सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या काही उतरेनात!"

"मागचं डावं दार?" मी विचारलं.

"हो."

"असेंब्ली बदलावी लागेल," मी म्हटलं. "सुटी येत नाही."