‘अप्रतिम’चा महापूर

पूर्णेच्या खोऱ्यातलं भातकुली सपाट आहे. तिथल्या फोटोत क्षितिज कललं, तर दोष डोंगरावर ढकलायचीही सोय नाही. तरी फोटो ग्रुपवर टाकला की निकाल ठरलेला: “एक नंबर, भाऊ!” कपाशीवरचं आभाळ दुपारच्या उन्हात पांढरंफटक जळालेलं असो, की जैन मंदिराच्या शिखराला विजेची तार आरपार छेदून गेलेली असो, शेरा तोच, “अप्रतिम!” जो शेरा कोणत्याही फोटोला चालतो, तो कोणत्याच फोटोबद्दल नसतो. हा लग्नातला आहेर आहे: आज मी तुला दिला, उद्या तू मला दे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा एका छायाचित्रामागे रसायनं, अंधारी खोली आणि भरपूर वेळ जाई. चूक महाग होती, म्हणून ती दाखवणारा कामाचा होता. आता चूक फुकट झाली आणि स्तुती तिच्याहून स्वस्त. कुणी म्हणेल, टीकेनं नवशिक्याचा हिरमोड होतो. पण “दोन पावलं डावीकडे सरकला असता, तर तार टळली असती,” यात हिरमोड कसला? फोटो कुणीतरी खरंच पाहिला, याचा हा पुरावा आहे. आवड ज्याची त्याची, हेही मान्य. पण न ठरवता कललेलं क्षितिज ही आवड नव्हे, हलगर्जी आहे. तेव्हा भाऊ, ‘अप्रतिम’ लिहिण्याआधी काय अप्रतिम आहे तेवढं सांगा. सांगता येत नसेल, तर फोटो पुन्हा एकदा पाहा.