उष्णतावादी

उष्णतावादी हा धाराशिव जिल्ह्यात बारमाही आढळतो. कळंब-परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठल्याही गावच्या पारावर किंवा स्टँडासमोरच्या टपरीवर त्याचा एखादा नमुना बसलेला असतोच. कुणाचा डोळा सुजलेला दिसला, की तो तंबाखू मळता मळता उठतो, चुन्याच्या अंगठ्याने त्या माणसाची खालची पापणी ओढतो आणि निदान करतो : "उष्णताय. दुसरं काय न्हाई."

दुसरे बरेच काही असते. पापणीच्या कडेच्या ग्रंथीत जंतू शिरून दुखरा फोड आला, तर ती रांजणवाडी. तिच्यावर खरा उतारा कोमट शेकाचा. पण मुळात उष्णताच झालेली, त्यात शेक कसला, म्हणून तो शेकाला सक्त मनाई करतो. सोयाबीनची रास चालू असताना हडंब्यापुढे उभ्या राहणाऱ्यांचे डोळे भुसकटाच्या ॲलर्जीने खाजतात, सुजतात. ती याच्या लेखी 'सोयाबीनची उष्णता'. सकाळी दोन्ही डोळ्यांभोवती न दुखणारी सूज आणि पायही सुजलेले, अशा वेळी मूत्रपिंड तपासून घ्यावे लागते. इथे तो जरा थबकतो आणि उष्णता 'आतली' ठरवतो.

उपचार एकच : काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणे. गुण हमखास येतो, कारण रांजणवाडी बहुधा आठवडाभरात आपोआप फुटते आणि विषाणूने आलेले डोळे एक-दोन आठवड्यांत आपसूक निवळतात. नाव वाटीचे होते.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा त्याने काळा गॉगल घेतला. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितले की आपलेही येतात, हा त्याचा सिद्धांत. साथ नजरेने पसरत नाही. हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने पसरते. गॉगल लावून तो दिवसभर गावाच्या पापण्या ओढत होता, त्याच अंगठ्याने.

एका बाबतीत मात्र त्याला हसून सोडून देता येत नाही. काडीने बुबुळ खरचटलेल्या माणसाला तो कोनाड्यातली, गेल्या वर्षी फोडलेली ड्रॉपची बाटली देतो. अशा जखमेत बुरशी वाढते आणि त्या बाटलीत स्टेरॉइड असेल तर ती आणखी फोफावते. नजर अंधुक होणे, ताप, डोळा फिरवताना कळ, यातले काहीही असले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

स्वतःच्या डोळ्याला चुन्याचा अंगठा लागला, की तो आधी हापशाखाली डोके धरतो आणि मिळेल त्या एसटीने सोलापूर गाठतो. गाडीत कुणी विचारलेच, तर सांगतो, "कचरा गेलाय."