मोरीचा हिशोब

गिरगावातल्या आमच्या दुमजली चाळीचा मी मालक आहे, असं कागदपत्रं म्हणतात. आजोबांकडून ती वडिलांकडे आली, वडिलांकडून माझ्याकडे. सोबत भाडेपावत्यांची पुस्तकं, एक पितळी कुलूप आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीची गळती आली. गळती माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी. लहानपणी वडिलांचं बोट धरून भाडं गोळा करायला जायचो, तेव्हा काकू मोरीच्या भिंतीवरचा ओला डाग दाखवायच्या. मला त्यात कधी सिलोन दिसायचं, कधी गणपतीचा कान. दर पावसाळ्यात डाग थोडा पसरायचा, आणि काकू माझ्या हातात पोह्यांची बशी देत वडिलांना म्हणायच्या, "भाऊ, यंदा तरी बघा हो." वडील चष्मा सारखा करून बघायचे. बघायला पैसे पडत नसत.

आता पडतात. मिस्त्री नुसता येऊन बघण्याचे तीनशे रुपये घेतो; पिशवीतून पान्हा निघाला की मजुरी वेगळी, 'मटेरियल' त्याहून वेगळं. काकूंच्या खोलीचं भाडं महिना ९६ रुपये. यात काकूंचा काही दोष नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर थोपवली, आणि त्या तारखेनंतर महायुद्ध संपलं, इंग्रज गेले, ट्राम गेली, तरी ती फलाटावर विसरलेल्या ट्रंकेसारखी तिथेच राहिली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा दिली. काकूंच्या बाबतीत महिना पावणेचार रुपये. त्याच कायद्यात मोठं न्यायाचं एक कलम आहे. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने नोटीस द्यावी, काम स्वतः करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. मी कागदावर मांडून पाहिलं. २८८ रुपये होतात. काकूंनी हे शस्त्र उपसलंच, तर मिस्त्री जिन्यापर्यंत येईल. उरलेल्या बारा रुपयांसाठी मोरीपर्यंत काही पोचायचा नाही.

शेवटी मीच त्याला बोलावलं. हा ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशभर नळकाम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या जिल्ह्यातून निघतात. गिरगावात केस पिकल्याने मराठी बोलतो, फक्त वाक्याच्या शेवटी सूर किंचित पलीकडच्या समुद्राच्या बाजूला झुकतो. मोरीत उकिडवा बसून त्याने भिंतीला कान लावला. मग जुन्या पाइपाच्या सांध्यावर नख फिरवलं. आतून सुताचा काळा धागा निघाला. "सूत आणि सफेदा," तो धागा चिमटीत धरून म्हणाला, "असा सांधा आता कोण भरतो, शेठ? सगळे टेप गुंडाळतात." ज्याने तो भरला तो कारागीर कधीच गेला असणार, पण त्याला अशी पावती मिळालेली पाहून मला उगाचच बरं वाटलं.

कोबा फोडायचा, पाइप बदलायचा, वॉटरप्रूफिंग करायचं: अठरा हजार. वाढ सोडली तर हे काकूंचं साडेपंधरा वर्षांचं भाडं होतं. काकू एक्याऐंशीच्या आहेत. त्यांना आकडा सांगितला तेव्हा चहात साखर घालता घालता त्या म्हणाल्या, "म्हणजे वसूल होईस्तोवर मला राहायलाच हवं." आणि माझ्या कपात नको म्हणत असताना आणखी अर्धा चमचा टाकला.

घासाघीस करायची म्हणून मी केली. मिस्त्री चहा बशीत ओतून ऐकत राहिला. कुठे राहता, विचारलं. दिव्याला, भाड्याने, अकरा महिन्यांचा करार, दर करारात भाडं वर.

"तुमच्या घरचे नळ तरी ठणठणीत असतील."

"कुठले, शेठ! मोरी गळते. मालकाला म्हटलं, मीच करतो, सामानाचे तेवढे द्या. तर म्हणतो, तुम्ही लोक फार लावता."