फांदीवरचा माणूस कुणाचा?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई, ठाणे, पुण्यात करवतींचा आवाज सुरू होतो. रस्त्याकडेची झाडं महापालिका छाटते, आवारातली सोसायट्या. सेक्रेटरी उद्यान खात्याकडे अर्ज करतो, खात्याचा माणूस येऊन झाड बघून जातो, मग परवानगी मिळते. झाड कुठलं, कुठे उभं आहे, कोणत्या फांद्या काढायच्या, सगळं कागदावर. मग एका सकाळी टेम्पोतून ठेकेदाराची माणसं उतरतात. त्यातला एक कमरेला दोर गुंडाळतो आणि कोयता घेऊन अनवाणी गुलमोहरावर चढतो. डोक्यावर हेल्मेट नाही, खाली जाळी नाही. त्या कागदावर त्याचं नावही नाही.

शहरातल्या झाडांचं रक्षण करणारा महाराष्ट्राचा कायदा 1975 सालचा. वेठबिगारी मोडणारा केंद्राचा वटहुकूमही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला. 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. झाडाच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण दिलं. 2021 मध्ये तो आणखी कडक झाला: पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष, आणि झाड तोडलंच तर त्याचं वय जितकं तितकी रोपं लावायची. चांगलंच झालं. माणसाच्या कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या दिल्या. तुमच्या जिल्ह्यातली समिती शेवटची कधी बसली, कलेक्टर कचेरीत एकदा विचाराच.

वेठबिगार म्हटलं की लोकांना साखळदंड आठवतात. कायद्याला साखळदंड लागत नाही. उचल घेतली आणि त्या बदल्यात दुसरीकडे काम करायचं, हवं तिथे जायचं किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकायचं स्वातंत्र्य गेलं, की झाली वेठबिगारी. उचल देणं हा सरसकट गुन्हा नाही. ती फिटेपर्यंत माणसाला हलू न देणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

झाड आणि गुलामी यांची गाठ कशी पडते ते बघायचं तर कोळशाच्या भट्टीवर जावं लागतं. रायगड-ठाण्याच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेर पडतात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. आजारपण किंवा लग्न निघालं की मुकादमाकडून उचल घेतली जाते. मग नवरा-बायको, पाठीवर पोर, कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन घाटावर, कधी कर्नाटकापर्यंतही. पुरुष झाड तोडतो, ओंडके पाडतो. दोघं मिळून ते गोलाकार रचतात, पाल्याने झाकतात, वर मातीचा लेप देतात आणि आत विस्तव सोडतात. पुढे काही दिवस आणि काही रात्री भट्टीवर डोळा ठेवावा लागतो. लेपाला भेग पडली की हवा आत शिरते, लाकूड पेटतं आणि कोळशाची राख होते. म्हणून रात्री उठून ती भेग मातीने लिंपायची, आणि निम्म्या वेळा हे काम बाईच्याच वाट्याला येतं. मजुरी पोत्यामागे. राखेचं पोतं कुणी मोजत नाही.

आठवड्याला हातात पडते ती खर्ची. तेल-मिठापुरती. हिशोब होतो हंगाम संपताना, आणि वही मालकाकडे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला मालक सांगतो की तुझ्या अंगावर इतकी बाकी राहिली. ती फेडायला पुढच्या दिवाळीला पुन्हा यायचं. नाही आलं तर माणसं वाडीवर येतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने हा हिशोब चार दशकांपूर्वी चव्हाट्यावर आणला. तरी आजही वेठबिगारीतून मुक्ततेच्या दाखल्यासाठी कुटुंबांना तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, याची चीड येते.

आता मुंबईकडे या. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं. धुराचा विचार झाला, व्हायलाच हवा होता. पण तो कोळसा कुणी पाडला, त्याला पोत्यामागे किती मिळाले, हे ना ग्राहकाने विचारलं, ना हॉटेलवाल्याने, ना परवाना देणाऱ्याने. छाटलेल्या फांद्यांचंही तेच. टेम्पो फाटकातून बाहेर पडला की लाकूड कुठे गेलं याच्याशी आपला संबंध संपला, असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

मोठ्या कंपन्यांना निदान प्रश्न तरी विचारले जातात. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यानुसार वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या धंद्याला दरवर्षी निवेदन काढावं लागतं: आमच्याकडे आणि आमच्या पुरवठादारांकडे गुलामी नसावी म्हणून आम्ही काय केलं. आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातल्या वरच्या 1000 कंपन्यांना सक्तीच्या मजुरीच्या तक्रारींची माहिती द्यायला लावली आहे. झाडं छाटणारा ठेकेदार या दोन्ही जाळ्यांतून सहज निसटतो. तो लहान आहे. त्याचा उपठेकेदार आणखी लहान. आणि सगळ्यात तळाला जो मुकादम उभा आहे, तो बऱ्याचदा स्वतःच कर्जात बुडालेला असतो.

म्हणून नजर वरच्याकडे, म्हणजे काम देणाऱ्याकडे वळवायला हवी. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करताना त्या दरात किमान वेतन बसतं का, हा हिशोब कुणी मांडतो का? अधिकारी मांडत नाही आणि सोसायटीची कमिटीही मांडत नाही. दर परवडत नसतानाही ठेकेदार काम घेतो, तेव्हा तो तोटा कुणाच्या तरी मजुरीतून निघणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर बिल सहा-सहा महिने अडकवलं की ठेकेदार मजुराला रोजची मजुरी देत नाही, उचल देतो. म्हणजे कर्ज आपण वाढवतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही घटनेच्या 23 व्या कलमाखालची सक्तीची मजुरीच, असा निकाल दिला आहे. ज्या आवारात स्वस्तात झाड छाटून घेतलं जातं, त्या आवारालाही हा निकाल लागू आहे.

करायचं काय ते अवघड नाही. कामाच्या पत्रात माणसांची नावं लिहून घ्या. मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यावर गेल्याचा पुरावा मागा, मग ठेकेदाराचं बिल काढा, आणि वेळेवर काढा. हेल्मेट आणि सुरक्षापट्टा नसेल तर काम थांबवा. रोपं, खत, कोळसा ज्याच्याकडून घेता त्यालाही हेच विचारा. आणि दुपारी माणसं सावलीत भाकरी सोडतात तेव्हा, ठेकेदार जवळ नसताना, पाणी द्यायच्या निमित्ताने जाऊन बसा. उचल किती घेतली? आधार कार्ड कुणाकडे आहे? मध्येच गावाला जावंसं वाटलं तर जाता येतं का? उत्तर देताना माणूस इकडेतिकडे बघायला लागला तर त्याला भरीला पाडू नका. तो सांगेल तेवढंच ऐका, आणि त्याची तयारी असेल तर त्याला घेऊन तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे जा. त्याला एवढंही सांगा, कारण हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं: वेठबिगारीपोटी दिलेली उचल फेडायचं बंधन कायद्याने त्याच्यावर नाही, आणि ती वसूल करणाराच गुन्हेगार आहे.