टायटल क्लिअर नाना

रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात वास्तुशांत असली की नानांना बोलवावंच लागतं, आणि ते आले की यजमानाच्या पोटात गोळा येतो. नाना सत्यनारायणाला एकाच हाताने नमस्कार करतात. दुसरा भिंतीवर असतो. बोटाच्या पेराने दोनदा टकटक. "चार इंची." म्हणतात स्वतःशीच, पण पोथी वाचणाऱ्या गुरुजींनाही ऐकू जातं. मग तांब्या घेऊन बाथरूममध्ये. ओतलेलं पाणी जाळी सोडून दाराकडे वळलं की चेहरा खुलतो. "स्लोप उलटा आहे हं," एवढं सांगून ते शिऱ्याच्या वाटीकडे वळतात.

नाना वीज मंडळातून निवृत्त झाले. जन्मात त्यांनी एक वीट घेतली नाही की विकली नाही. पण रविवारी पोहे-जिलबी आटोपली की स्कूटर सुपर कॉरिडॉरकडे नाहीतर बायपासकडे निघालीच. खिशात टेप. शहर त्यांच्या डोक्यात विकास प्राधिकरणाच्या स्कीम नंबरांनी बसलेलं आहे. विजय नगर ते म्हणतच नाहीत, '54' म्हणतात. नातलगही तसेच: '78वाली वहिनी', '140चे साडू'.

बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी त्यांना पाहिलं की पाणी मागवते, स्वतःसाठी.

"सर, 1400 का फ्लैट है."

"कारपेट बोलो बेटा. रेरावाला."

"सर... 1000."

"मतलब 40 परसेंट लोडिंग. 400 फुट किधर गए?"

"लॉबी, लिफ्ट, सीढ़ियाँ, क्लब हाउस..."

"लिफ्ट में मेरा हिस्सा है ना? फिर एक कुर्सी डाल के बैठ जाऊँ?"

मग 2016चा रेरा कायदा. आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरायच्या, बाहेरच्या नाही. बाल्कनी नाही, डक्ट नाही. हे सांगत असतानाच टेप सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर पडलेली असते. साडेपाच फूट. "ह्याच्यावर झोपणारा माणूस दाखवा," नाना म्हणतात. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड करतात, ही गोष्ट मलाही त्यांच्यामुळेच कळली. तेव्हापासून सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो की मी आधी पलंग पाहतो.

इतिहासही ते ह्याच मापाने मोजतात. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 साली होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. नानांच्या मते तो भला माणूस, कारण त्याला सुपर बिल्ट-अप ठाऊक नव्हतं. राजवाड्याला सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, "स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही कुणाची होती, सांगा बरं!"

भाचीसाठी स्थळ आलं तेव्हा तर कहर झाला. मुलगा चांगला, पगार चांगला. बहीण म्हणाली, "नाना, तुला काय वाटतं?"

"लोकेशन उत्तम आहे. पण टायटल बघितलं का? आधी कुठे बयाणा तर झालेला नाही ना?"

मुलाकडच्यांनी हे ऐकलं. साखरपुड्याला नवऱ्या मुलाच्या वडिलांनीच वाकून विचारलं, "मग रजिस्ट्री कधी करू या?" माणसं समजूतदार निघाली. नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, गोष्ट वेगळी. त्या आता नानांच्याच शस्त्राने नानांना मारतात. दिवाणावर चहूकडे पेपर पसरून नाना बसले की म्हणतात, "एमओएस, ती भोवतीची मोकळी जागा, सोडा जरा. मलाही टेकायचंय."

फक्त एका शब्दाला नाना आवाज खाली आणतात: डायरी. इंदूरकराला हे समजावावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. शेतावर अजून गहू डुलत असतो, टीएनसीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, नकाशा पास नाही, रेराचा नंबर नाही. तरी प्लॉट विकले जातात. कॉलनायझरचा माणूस डायरीत नाव, प्लॉट आणि रक्कम लिहून घेतो, झालं. ना पावती, ना करार. रस्त्याची खडी पडण्याआधी ते पान दोन-तीन हातांतून फिरून महाग झालेलं असतं. नाना ह्यावर तास तास पोटतिडकीने बोलतात, आणि शेवटी विचारतात, "सध्या काय भाव चालून राहिलाय?"

स्वतः ते राहतात रामबागेतल्या वडिलोपार्जित घरात. अवघ्या इंदूरला टायटल विचारणाऱ्या नानांच्या घराचं नामांतरण आजोबांपाशी येऊन थांबलं आहे. हिस्सेदार नऊ. दोन अमेरिकेत, एक पुण्यात, आणि एक शेजारच्याच खोलीत, पण बोलत नाही. परवा एक दलाल हे घर मागायला आला. नानांनी त्याला बसवून चहा दिला, आणि एफएआर, गाइडलाइन, डायवर्शन अशी दोन तास शिकवणी घेतली. शेवटी त्याचीच फाइल तपासून त्यातल्या एका नकाशातली चूक काढून दाखवली. घामाघूम झालेला दलाल उठत म्हणाला, "अंकल, आप हमारे ऑफिस में ही बैठ जाओ."

नानांनी चष्मा काढला, पुसला.

"देख भिया, एक परसेंट लूँगा," ते म्हणाले, "दोनों तरफ से."