घरातलं एक्स्चेंज

तिवसा असो, मोझरी असो की चांदूर रेल्वे, फायबर पोचलेल्या गल्लीत एक तरी बापू असतोच. बहुधा जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर, नाहीतर सोसायटीचा माजी सचिव. गावालगत पाच-सहा एकर, त्यात संत्र्याची थोडी झाडं, बाकी सोयाबीन-तूर. घरात माणशी एक मोबाइल आणि रिचार्ज मारला की बोलणं फुकट. तरीही बापूने फायबरसोबत आलेल्या एका नंबरावर अख्खं घर जोडून घेतलेलं असतं. ओसरीत तारेचा फोन. स्वयंपाकघरात, माडीवर, म्हातारीच्या खोलीत आणि गुरांच्या कोठ्यालगत एकेक बिनतारी हँडसेट. शिवाय खिशातल्या मोबाइलात त्याच नंबराचं ॲप. गाव याला हौस म्हणतं. मला विचाराल तर हौसेला माणूस इतका घाम गाळत नाही. फोन घराचा होता तोवर कर्त्या माणसाकडे एक खातं होतं. मोबाइलने ते काढून घेतलं, आणि बापू ते फायबरच्या वाटेने परत मागतो आहे.

त्या खात्याचा रुबाब आठवून पाहा. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर फोन यायचा. अर्धी गल्ली आपल्या लेटरहेडवर त्याच घराचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापायची. फोनवर विणलेला रुमाल असायचा, डायलला चिमुकलं कुलूप, आणि किल्ली कर्त्याच्या जानव्याला नाहीतर करगोट्याला. कोणाचा फोन आला, कशासाठी आला, किती वेळ चालला, हे सगळं त्याच्या कानाखालून जायचं. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेच्या छोट्या एक्स्चेंजांनी पुढे खेड्यापाड्यात फोन नेले, तरी किल्ली त्याच करगोट्याला राहिली. मोबाइल आला आणि पोरं गच्चीवर जाऊन कुजबुजू लागली. कोणाशी, ते बापूला अजूनही कळलेलं नाही.

पुरावा हवा असेल तर जोडणी पाहा. फायबरच्या डब्ब्याला मागे फोनचं एक भोक असतं. बापूने त्यात दुहेरी पिन खोचली आहे. एका फाट्यावर ओसरीतला जुना बटणांचा फोन, दुसऱ्यावर बिनतारी हँडसेटांचा तळ. आता नुसता बिनतारी संच पुरेसा होता. एका तळावर चार-सहा हँडसेट सहज बसतात. मग तारेचा फोन कशाला? कारण बिनतारी संचात दुसऱ्याच्या बोलण्यात शिरायचं तर बटण दाबावं लागतं, बऱ्याच संचांत वरून ‘टुंई’ वाजून बोलणाऱ्याला खबर लागते. तारेचा फोन मात्र समांतर जोडलेला. रिसिव्हर हलक्या हाताने उचलला, तोंडाकडच्या बाजूवर तळवा ठेवला की काम झालं. फक्त एक बारीक ‘खट्’ होतं आणि आवाज किंचित खाली बसतो. बापूच्या घरात हा ‘खट्’ शेंबड्या पोरालाही ओळखू येतो.

यावर कोणी म्हणेल, जाड भिंती, वर टिनपत्रे, मोबाइलला घरात रेंज येत नाही, म्हणून बिचाऱ्याने सोय केली. पण घरात फायबर आहे म्हणजे वायफाय आहे, आणि वायफायवरून साधा कॉल बहुतेक नव्या मोबाइलांत लागतो. शिवाय ते टिनपत्रे बिनतारी हँडसेटलाही सोडत नाहीत. कोठ्यालगतचा हँडसेट दिवसातून दोनदा तळ शोधत फिरतो. स्वस्ताई म्हणाल, तर चार हँडसेटांच्या पैशात वर्षाचा रिचार्ज निघाला असता. स्पीडचं कारण तर बापूने स्वतःच मोडीत काढलं आहे. एका कॉलला दोन्ही बाजूंनी शंभरेक किलोबिट पुरतात, हे तो पाहुण्याला चहा यायच्या आत सांगतो, आणि घेतलेला प्लॅन मात्र शंभर मेगाबिटचा.

भरवशाचा मुद्दा तर उलटाच पडतो. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजातून ४८ व्होल्ट यायचे, तिथे बॅटऱ्यांची रांग असायची. गावात अंधार झाला तरी फोन जिवंत. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. लाईन गेली की डब्बा गेला, डब्बा गेला की सगळे हँडसेट मुके. उन्हाळ्यातली वऱ्हाडातली वीज माहीत असूनही बापूने हे पत्करलं, आणि उपाय म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क डब्ब्याला दिला, दुसरा पंख्याला. घामाघूम घरात फोन चालू असतो. बाहेरच्या मोबाइलला लँडलाइनवरून आधी शून्य फिरवायचा नियम जानेवारी २०२१ पासून आहे. घरात तो एकट्या बापूच्या लक्षात राहतो, त्यामुळे इतरांना ध्वनिमुद्रित बाईचं प्रवचन ऐकून शेवटी त्यालाच हाक मारावी लागते. हे त्याला मनातून आवडतं. इंटरकॉमचंही तसंच. ओसरीतून स्वयंपाकघर पंधरा पावलांवर; पण तो मोबाइलवरून घरच्याच नंबराला फोन लावून चहा सांगतो, पाचही जागी घंटा घणघणते, आणि आतून फोनशिवायच उत्तर येतं, “काहून फोन करून रायले? आवाज देल्ला असता त आयकू आला असता!”

एका आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद नमतो, तो म्हातारीचा. काचेवर बोट फिरवणं तिला जमत नाही, मोबाइल उचलायच्या आधीच तिच्याकडून कटतो. मोठ्या बटणांचा हँडसेट तिला हातात घट्ट धरता येतो. एक दाबून धरलं की मूर्तिजापूरची लेक, दोन दाबून धरलं की भाऊ. सगळ्या जोडणीत खरी मजुरी हाच हँडसेट करतो. दुपारी जेवणं आटोपली की ती एक दाबते. पेरणी, गुडघे, सुनेचा स्वभाव, असं क्रमाने चालू असतं, आणि सुनेपाशी गाडी आली की ओसरीत ‘खट्’ होतं. म्हातारी क्षणभर थांबते, मग आवाज चढवून म्हणते, “ठेव बाप्पा तो फोन, माय-लेकीले बोलू दे!”