घरचं वायफाय, कंपनीचा लॅपटॉप

कंपनीचा लॅपटॉप घरच्या वायफायवर चालता करून देणं हे कंपनीच्या आयटी विभागाचं काम आहे. कुरियरने खोकं पाठवलं, आत इंग्रजीतला एक कागद टाकला आणि ‘अडलं तर तिकीट टाका’ म्हणून सांगितलं, की काम झालं असं होत नाही. तिकीट टाकायचं कशावरून? ज्या लॅपटॉपला नेट नाही, त्याच्यावरून?

सगळ्यात संतापजनक प्रकार पहिल्या लॉगिनचा. ऑफिसच्या डोमेनला जोडलेला विंडोज लॅपटॉप तुमचा पासवर्ड पहिल्यांदा कंपनीच्या सर्व्हरकडून तपासून घेतो. एकदा तपासला की त्याची नोंद स्वतःजवळ ठेवतो आणि पुढे सर्व्हर नसला तरी तुम्हाला आत घेतो. कोऱ्या लॅपटॉपजवळ ही नोंद नसते. घरी वायफाय लागतं, पण सर्व्हर असतो व्हीपीएनच्या, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या पलीकडे, आणि व्हीपीएन सुरू करायला आधी लॉगिन व्हावं लागतं. नव्याने नोकरीला लागलेली मुलगी पहिल्याच दिवशी इथे अडकते आणि आपल्यालाच काही येत नाही, असं समजून बसते. तिचं काहीही चुकलेलं नसतं. लॅपटॉप देण्याआधी तिला ऑफिसात बोलावून एकदा लॉगिन करून घ्यायचं होतं, नाहीतर लॉगिनच्या आधीच जोडलं जाणारं व्हीपीएन टाकून द्यायचं होतं. दोन्ही उपाय जुने आहेत. घरच्या साध्या नेटवरून लॅपटॉप ऑफिसच्या कामासाठी तयार करणारं मायक्रोसॉफ्टचं ऑटोपायलट तर २०१७ पासून आहे.

दुसरा ताप प्रॉक्सीचा. वायफाय जोडलेलं दिसतं, पण एक पान उघडत नाही, कारण ऑफिसात ज्याच्यामार्फत नेट चालतं त्या प्रॉक्सीचा पत्ता सेटिंगमध्ये तसाच राहिलेला असतो. तो काढायचा अधिकार कर्मचाऱ्याला नाही. ज्याला अधिकार आहे तो फोन उचलत नाही.

मग येतो राउटर. पुण्यातल्या कुठल्याही दाट सोसायटीत लॅपटॉप उघडा, शेजाऱ्यांच्या वायफायची लांबलचक यादी समोर येते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यावर अख्खी इमारत चढलेली. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंती आड आल्या की तो लवकर दमतो. म्हणजे मीटिंग तुटत असेल तर आधी राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झवर जोडून पाहायचं, नाहीतर सरळ केबल लावायची. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती कुणी देत नाही. उलट ‘तुमचं नेटच खराब आहे’ हे मात्र लगेच ऐकवलं जातं.

‘फक्त सुरक्षित नेटवर्क वापरीन’ अशा कागदावर मात्र सही न चुकता घेतली जाते. सुरक्षित म्हणजे काय, ते त्या कागदात नसतं. तर ते असं: राउटरमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडायचं. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ सालीच फोडला गेला आहे, तो दिसला तर बंद करायचा. पासवर्डऐवजी पिनने जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीएसच्या पिनमधली पळवाट २०११ मध्ये उघड झाली, तेही बंद. राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर ऑफिसचा लॅपटॉप त्यावर ठेवायचा, म्हणजे घरातला टीव्ही आणि मुलांचे फोन त्याच्यापासून वेगळे राहतात. घरच्या प्रिंटरवर मग छापता येणार नाही, हेही आधीच सांगायला हवं.

कॉल सेंटर आणि बीपीओंना पूर्वी घरून काम द्यायचं तर दूरसंचार विभागाकडे सुरक्षा ठेव ठेवावी लागे. मार्च २०२० मध्ये ती अट तात्पुरती उठली, नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच बदलले आणि ती कायमची गेली. आता सरकारकडे बोट दाखवायची सोय उरलेली नाही. ब्रॉडबँडचं बिल कर्मचारी भरतो, राउटर त्याचा, वीज त्याची. निदान जोडणी तरी कंपनीने करून द्यावी.

आयटीवाल्यांना एवढीच विनंती: लॅपटॉप कुरियरला देण्याआधी ऑफिसचं नेट सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, नव्या माणसाच्या खात्याने, एकदा सुरू करून पाहा. आणि खोक्यावर असा फोन नंबर लिहा, जो सोमवारी सकाळी नऊ वाजता कुणीतरी उचलेल.